वाळलेलें गवत आणि शेजारधर्म



गवताइतकी क्षुद्र वस्तु जगांत दुसरी कोणती असेल? एखाद्या गोष्टीची कांहींच किंमत नाहीं असें दाखवावयाचें झालें म्हणजे आपण तिला तृणवत् लेखतों. परंतु ह्याच गवताविषयीं जगांतील अनेक शहरांनीं व राज्यांनीं कायदे केले आहेत. तें किती इंच उंच वाढूं द्यावें, घरापासून किती फुटांपर्यंत कापावें, आणि मालकानें तें न कापल्यास पुढें काय करावें, ह्यांचे तपशीलवार नियम तेथें छापलेले आहेत. प्रथम ऐकणारास हें हास्यास्पद वाटेल. ज्या सरकारला रस्ते, पाणी, शाळा व दवाखाने ह्यांची काळजी वाहावयाची, त्यानें लोकांच्या परसांतील गवताची उंची कशाला मोजीत बसावें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधणें हाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

ह्या विषयाकडे माझें लक्ष एका लहानशा घटनेनें वेधिलें. कांहीं वर्षांपूर्वीं मी ज्या गांवीं राहत होतों, तेथें माझ्या घरामागें एक मोकळी जागा होती. तिचा मालक परगांवीं असे. पावसाळ्यानंतर त्या जागेंत कमरेइतकें गवत माजे. दिवाळीनंतर तें पिवळें पडे, आणि होळीच्या सुमारास काडीसारखें कोरडें होई. मी तें जातां येतां रोज पाहत असें, आणि "जागा दुसऱ्याची, आपण कशाला बोला?" असें मनाशीं म्हणून पुढें जात असें. फाल्गुनांतल्या एका दुपारीं कोणाच्या तरी हातून तेथें पेटती विडी पडली. पाव तासाच्या आंत आग कुंपण ओलांडून पलीकडच्या एका विधवा बाईच्या कडब्याच्या गंजीला लागली. शेजाऱ्यांनीं दावीं कापून तिच्या दोन्ही म्हशी बाहेर काढिल्या, म्हणून त्या वांचल्या. परंतु वर्षाची वैरण राख झाली. पुढल्याच महिन्यांत तिला एक म्हैस विकावी लागली. तिचा मुलगा माझ्या वर्गांत होता. त्याची फी व वह्यापुस्तकें त्या दुधावर चालत. त्या जूनमध्यें तो शाळेंत आला नाहीं.

विडी टाकणारा सांपडला नाहीं. जागेच्या मालकास लोकांनीं पत्र धाडिलें, तेव्हां "आग मीं लाविली नाहीं" असें त्यानें उत्तर पाठविलें. आणि तें खरेंच होतें. आग मींही लाविली नव्हती. मग त्या मुलाच्या नुकसानीचा दोष कोणाच्या माथीं? हा प्रश्न मनांत धरूनच आपण पुढें जाऊं.

१. गवत कसें पेटतें?

लांकडाचा जाड ओंडका काडी ओढून पेटवून पाहा, पेटणार नाहीं. त्याच ओंडक्याच्या बारीक ढलप्या करा. त्या तात्काळ पेटतील. पदार्थ जितका बारीक, तितका त्याचा अधिक पृष्ठभाग हवेला लागतो, आणि तितका तो लवकर सुकतो व लवकर तापतो. गवत हें निसर्गानेंच बारीक करून ठेविलेलें जळण आहे. सकाळच्या दंवानें भिजलेलें वाळकें गवत ऊन वर आलें कीं तास दोन तासांत पुन्हां कोरडें होतें. ह्यामुळें सकाळीं जेथें काडी विझली, तेथेंच दुपारीं ठिणगी पुरते.

दुसरी गोष्ट उंचीची. आंखूड गवताची ज्योत आंखूड असते, व ती चार मनुष्यांना झाडाच्या ओल्या डाहळ्यांनीं झोडपून विझवितां येते. पुरुषभर वाढलेल्या गवताची ज्वाला त्याहूनही उंच जाते. तिच्याजवळ मनुष्यास उभें राहवत नाहीं. शिवाय उंच गवतावरून आग झुडपावर, झुडपावरून झाडाच्या खालच्या फांदीवर, आणि तेथून घराच्या वळचणीला, अशी शिडी चढल्याप्रमाणें चढत जाते.

तिसरी गोष्ट चढणीची. आग उतारावरून खालीं येते त्यापेक्षां चढणीवरून वर फार वेगानें धांवते. कारण तिची धग वरच्या गवताला अगोदरच तापवून ठेविते. चढ सुमारें दहा अंशांनीं वाढला कीं आगीचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा वणव्याचा अभ्यास करणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून टेकडीच्या माथ्यावरील घराला खालच्या गवताचें भय अधिक. आणि वारा सुटला म्हणजे जळत्या काड्या व निखारे आगीच्या पुष्कळ पुढें जाऊन पडतात; मग एका आगीच्या दहा आगी होतात.

२. लाहायना शहराची कथा

प्रशांत महासागरांत हवाई नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील माउई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाहायना हें जुनें शहर वसलें आहे. एके काळीं ही हवाईच्या राजांची राजधानी होती. १८२३ सालीं तेथें अमेरिकन मिशनरी आले, आणि १८३१ सालीं त्यांनीं शहरावरील चढणीवर लाहायनालूना नांवाची शाळा स्थापिली. ती शाळा आजही चालू आहे. मिशनरींच्या आगमनास पन्नास वर्षें झालीं, तेव्हां १८७३ सालीं शहरांत वडाचें एक रोप लावण्यांत आलें. तें आपल्या हिंदुस्थानांतून नेलेलें होतें. पुढें त्या वडानें पारंब्या टाकून सबंध चौक व्यापिला.

शहरामागील डोंगरउतारावर शंभरांहून अधिक वर्षें उंसाचे मळे होते. मळ्यांना पाटाचें पाणी होतें, रस्ते राखलेले होते, व राबणारे मजूर होते. १९९९ सालीं लाहायना येथील साखरेची गिरणी बंद झाली, आणि २०१६ सालीं माउईवरील उंसाचा अखेरचा मळाही बंद पडला. पुष्कळ जमीन ओस पडली. परंतु ओस जमीन रिकामी राहत नाहीं. तेथें गिनी गवत व त्यासारखीं दुसरीं परदेशी गवतें माजलीं. हें गिनी गवत मूळ आफ्रिकेंतलें; गुरांच्या चाऱ्यासाठीं तें निरनिराळ्या देशांत नेण्यांत आलें. आपल्याकडील दूधवाले शेतकरीही तें लावतात. कापून गुरांपुढें टाकिलें तर त्याचें दूध होतें. न कापतां वाळूं दिलें तर तें जळण होतें. आज हवाईच्या एकंदर भूमीपैकीं सुमारें एक चतुर्थांश भाग अशा परदेशी गवतांनीं व झुडपांनीं व्यापिला आहे. २०२१ सालीं माउई परगण्याच्या एका चौकशी मंडळानें आपल्या अहवालांत ह्या पडीक जमिनींवरील गवताच्या धोक्याविषयीं स्पष्ट इशारा दिला होता.

तारीख ८ ऑगस्ट २०२३ रोजीं बेटावर सोसाट्याचा वारा सुटला होता. सकाळीं विजेच्या तारा तुटून रस्त्याकडेच्या वाळलेल्या गवताला आग लागली. आगीच्या बंबांनीं ती विझविली, व पुष्कळ तास जवानांनीं तेथें पहारा केला. परंतु कोठें तरी न दिसणारी धग आंतल्या आंत राहिली होती. दुपारीं तीनच्या सुमारास ती पुन्हां पेटली, आणि वाऱ्याबरोबर घराघरांवरून समुद्रापर्यंत धांवत गेली. १०२ माणसें मृत्यूमुखीं पडलीं. दोन हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. चढणीवरील जुनी शाळा वांचली. चौकांतील वड होरपळला. तथापि लोकांनीं त्याला पाणी घालून जगविलें, व कांहीं आठवड्यांतच त्याला नवी पालवी फुटली.

केवळ गवतानें हें शहर जाळिलें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. तुटलेल्या तारा, वारा, दाटीनें बांधलेलीं जुनीं लांकडी घरें, हीं सर्व कारणें त्या दिवशीं एकत्र आलीं. परंतु वारा कोणाच्याही हातीं नव्हता. गवत मात्र माणसांच्या हातीं होतें. अनर्थाच्या अनेक कारणांपैकीं जें आपल्या हातचें आहे, तेवढें तरी अगोदर दूर करावें, हाच ह्या कथेचा बोध होय.

३. नियम कसे असतात?

आतां नियमांकडे वळूं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत पाऊस हिवाळ्यांत पडतो, व उन्हाळा कोरडा जातो. वसंतांत हिरवेगार असलेले तेथील डोंगर उन्हाळ्यांत सोन्यासारखे पिवळे दिसतात. दिसावयास तें सुंदर खरें, पण तें सर्व जळणच असतें. १९९१ च्या ऑक्टोबर महिन्यांत ओकलंड शहराच्या टेकड्यांवर गवताची एक लहानशी आग विझविण्यांत आली होती. ती दुसऱ्या दिवशीं वाऱ्यानें पुन्हां भडकली. २५ माणसें मेलीं, व सुमारें तीन हजार घरें जळालीं.

तेथील कायद्याप्रमाणें वणव्याचें भय असलेल्या मुलखांत प्रत्येक घरमालकानें घराभोवतीं १०० फुटांपर्यंतची जागा राखिली पाहिजे. पूर्वीं ही मर्यादा ३० फुटांची होती. २००५ सालापासून ती वाढविण्यांत आली. ह्या जागेंतील वार्षिक गवत ४ इंचांहून उंच वाढूं देऊं नये, असें राज्याचें अग्निशामक खातें सांगतें. लॉस एंजलिस शहराच्या अधिक धोक्याच्या भागांत तर ही मर्यादा २०० फूट असून गवताची उंची ३ इंच ठरविलेली आहे. २०२० सालच्या एका कायद्यानें ह्याहून पुढें जाऊन, घराच्या भिंतीलगतच्या ५ फुटांच्या पट्ट्यांत ठिणगीनें पेटेल असें कांहींही नसावें, हें तत्त्व स्वीकारिलें आहे.

आणि मालकानें गवत कापलेंच नाहीं तर? त्याविषयीं तेथील शहरांना जो अधिकार दिला आहे, त्याच्या पायऱ्या नागरिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली पायरी : नगरसभा उघड सभेंत ठराव करून अमुक जागांतील गवत व तण हा सार्वजनिक उपद्रव आहे असें जाहीर करिते.
दुसरी : मालकास डाकेनें, अथवा त्या जागेवर फलक लावून, नोटीस दिली जाते.
तिसरी : मालकाची कांहीं हरकत असल्यास ती ऐकून घेण्यासाठीं दिवस नेमिला जातो.
चौथी : तरीही गवत काढिलें नाहीं, तर नगरसभा आपलीं माणसें पाठवून तें काढून टाकिते.
पांचवी : त्याचा खर्च त्या जमिनीवर बोजा म्हणून चढवून कराबरोबर वसूल करण्यांत येतो.

ह्यांतील तिसऱ्या पायरीकडे विशेष लक्ष द्या. गवत धोक्याचें असलें तरी मालकाचें म्हणणें ऐकल्यावांचून त्याच्या जमिनीवर पाऊल टाकावयाचें नाहीं. शेजाऱ्याच्या जिवाला जपणें व मालकाच्या हक्काला जपणें, हीं दोन्ही कर्तव्यें येथें एकाच नियमांत सांभाळिलीं आहेत. चांगल्या कायद्याची ही ओळख होय.

परंतु कायदा छापल्यानें गवत कापलें जात नाहीं. पोर्तुगाल देशानें २००६ सालींच कायदा करून घराभोवतींची ५० मीटर जागा साफ राखण्याचें बंधन घातलें होतें. पण पुष्कळ ठिकाणीं तें कागदावरच राहिलें. १७ जून २०१७ रोजीं तेथील पेद्रोगाँव ग्रांद ह्या भागांत वणवा पेटला. ६६ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांतील कित्येक तर मोटारींतून पळत असतां रस्त्यावरच सांपडलीं. त्यानंतर सरकारनें त्याच जुन्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली. नियम नवा नव्हता. त्याची आठवण मात्र फार महाग पडली.

४. माझी जमीन, माझें गवत?

येथें कोणी विचारील, "जमीन माझी, गवत माझें, मी कापीन किंवा ठेवीन. त्यांत दुसऱ्याचा काय संबंध?" हा आक्षेप पोकळ नाहीं. मालकीचा हक्क ही मोठी गोष्ट आहे, आणि ऊठसूट कोणींही आपल्या अंगणांत शिरून हुकूम सोडावे हें कोणालाच आवडणार नाहीं. शिवाय गवत कापावयास पैसा व श्रम लागतात. मालक वृद्ध, आजारी किंवा गरीब असेल तर त्यानें काय करावें? जेथें असे नियम आहेत तेथेंही हा प्रश्न उठतो, आणि नुसता दंड हें त्याचें पुरतें उत्तर नव्हे. अशा वेळीं शेजाऱ्यांनीं मिळून कापून देणें हाच खरा मार्ग होय.

पण आक्षेपाचें मुख्य उत्तर असें आहे. आपल्या विहिरींत आपण वाटेल तें टाकावें असा हक्क कोणी सांगेल काय? नाहीं, कारण पाणी जमिनीखालून शेजाऱ्याच्या विहिरींत झिरपतें. आगीचेंही तसेंच आहे. सातबाराच्या उताऱ्यावर जी रेघ आहे ती तलाठ्याला दिसते, आगीला दिसत नाहीं. ज्या वस्तूचा परिणाम माझ्या कुंपणाच्या आंत थांबत नाहीं, त्या वस्तूविषयींचा माझा हक्कही केवळ माझ्यापुरता असूं शकत नाहीं. आग लावणें हें एक कृत्य आहे. आग लागण्याजोगी स्थिति वर्षानुवर्षें तशीच राहूं देणें हें कृत्य दिसत नाहीं, परंतु त्याचें फळ तेंच असतें. म्हणूनच हे नियम ज्यानें ठिणगी टाकिली त्यालाच शोधीत बसत नाहींत, तर ठिणगी पडण्यापूर्वींच मालकाला जागें करितात.

५. आपल्याकडील स्थिति

आपल्या सह्याद्रीच्या मुलखांत पाऊस चार महिने पडतो व गवत छातीइतकें होतें. कार्तिकांत तें पिकतें, आणि माघापासून वैशाखापर्यंत डोंगर वणव्यांनीं काळे होतात. हे वणवे बहुतेक माणसाच्याच हातचे. कोणी बांध जाळतो, कोंकणांत कोणी भाताच्या रोपांसाठीं राब भाजतो, कोणी विडी टाकतो, तर कोणी "गवत जाळिलें म्हणजे पुढल्या वर्षीं चांगलें येतें" अशा समजुतीनें डोंगरच पेटवून देतो. त्यांत लहान रोपें जळतात, आणि जमिनीवर घरटें करणाऱ्या पक्ष्यांचीं अंडीं व पिलें नष्ट होतात. उघडी पडलेली माती पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांत वाहून जाते.

राखीव जंगलांत आग लावणें हा १९२७ च्या वन-कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. त्याच कायद्यानें, जंगलांत हक्क असलेल्या लोकांवर आगीची खबर देण्याचें व ती विझविण्यास मदत करण्याचें कर्तव्यही घातलें आहे. वनखातें उन्हाळ्यापूर्वीं ठिकठिकाणीं गवत काढून जाळरेषा घेतें, ती ह्याचसाठीं. मोकळ्या पट्ट्यापाशीं आग थांबते, व माणसांना उभें राहून ती विझवावयास जागा मिळते. जी गोष्ट वनखातें डोंगरावर करितें, तीच आपण आपल्या परसांत कां करूं नये?

पालकांस व विद्यार्थ्यांस माझी विनंति आहे कीं, त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या :

गवत पिकूं लागतांच, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, कापावें. वैशाखाची वाट पाहूं नये. वेळेवर कापलेलें गवत वैरण होतें, उशिरां कापलेलें नुसता कचरा.

कापावें; जाळूं नये. ज्या आगीचें भय, तिलाच नोकर म्हणून बोलाविणें शहाणपणाचें नव्हे.

मुळासकट उपटूं नये. आंखूड खुंट राहूं द्यावे, म्हणजे माती धरून राहते. लोखंडी पात्याचें यंत्र वापरावयाचें असेल तर तें सकाळीं, गवतांत दंव असतांना वापरावें. दुपारीं पातें दगडावर आपटून उडालेली ठिणगीच आग लावूं शकते.

कडब्याची गंजी घरापासून, गोठ्यापासून व कुंपणापासून दूर रचावी. चुलीची राख थंड झाल्याची खात्री केल्यावांचून उकिरड्यावर टाकूं नये.

आग दिसल्यास मुलांनीं एकट्यानें विझवावयास धांवूं नये. प्रथम मोठ्या माणसांस हांक मारावी, व १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर खबर द्यावी. विझलेल्या आगीवरही माणूस ठेवावा; लाहायना व ओकलंड येथें जें घडलें तें विसरूं नये.

शेवटीं माझ्या प्रश्नाकडे परत येतों. त्या बाईच्या गंजीचा दोष कोणाचा? विडी टाकणाराचा होता, हें उघड आहे. जागेच्या मालकाचाही होता. आणि जो रोज तें गवत पाहून गप्प राहिला, त्या शिक्षकाचाही होता. आम्हां तिघांपैकीं कोणाच्याही मनांत त्या मुलाचें वाईट करावयाचें नव्हतें. तरीपण त्याचें शिक्षण आमच्या तिघांच्या हातून थांबलें. मी पुढें त्याच्या घरीं गेलों होतों. तो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जाऊं लागला होता. "गुरुजी, पुढल्या सालीं येईन," असें तो म्हणाला. पण तो आला नाहीं.

तेव्हांपासून दर वर्षीं कार्तिक महिन्यांत मी एक काम न चुकतां करितों. माझ्या घराशेजारच्या मोकळ्या जागेच्या मालकास पत्र लिहितों, कीं आपलें गवत पिकलें आहे. आपण कापवून घ्यावें, अथवा आम्हांस कापण्याची परवानगी द्यावी. बहुधा परवानगीच येते. मग एका शनिवारीं सकाळीं चार शेजारी विळे घेऊन उतरतात, दोन तासांत काम होतें, आणि गवत ज्याच्या घरीं गुरें असतील त्याच्याकडे जातें. ह्यासाठीं आमच्या गांवीं अजून कोणताही नियम झालेला नाहीं. तो व्हावा असें मला वाटतें. परंतु तो होईपर्यंत एक पत्र व चार विळे एवढ्यावर आमचें काम चाललें आहे.

ह्या दिवाळीच्या सुटींत आपापल्या घराभोवतीं एक फेरी मारा, आणि कोठें गवत माजलें आहे तें पाहा. तें तुमचें असेल तर कापा. शेजाऱ्याचें असेल तर मोठ्या माणसांस बरोबर घेऊन, नम्रतेनें त्यास सांगा. सांगण्यास संकोच वाटेल. मलाही वाटला होता.